पोर्तो रिकन ट्रॅव्हलिंग थिएटर

पोर्तो रिकन ट्रॅव्हलिंग थिएटर ही न्यूयॉर्क शहरातील लॅटिनो नाट्यसंस्था अभिनेत्री मिरियम कोलोन यांनी १९६७ मध्ये स्थापन केली. तिच्या स्पॅनिश नावातला ‘रोदांते’ हा शब्द अधिक नेमका आहे: चाकांवर चालणारे. कॅरिबियन समुद्रातल्या, अमेरिकेच्या अखत्यारीतल्या पोर्तो रिको बेटावरच्या विद्यापीठाच्या नाट्यविभागाने १९४६ मध्ये गावोगाव फिरणारा एक रंगमंच सुरू केला होता, त्याच्या नावातही हाच शब्द होता. त्यामागे स्पेनमध्ये १९३०च्या दशकात कवी-नाटककार फेदेरिको गार्सिया लोर्का यांनी खेड्यापाड्यांतून नेलेल्या ‘ला बार्राका’ या पथकाचा आदर्श होता. कोलोन यांचा जन्म १९३६ चा, पोर्तो रिकोतल्या पोन्से शहरातला. शाळेत असतानाच या नाट्यविभागात त्यांचा वावर सुरू झाला आणि फिरत्या रंगभूमीची कल्पना त्यांनी तिथूनच उचलली.

पोर्तो रिकोच्या रहिवाशांना १९१७ पासून अमेरिकेचे नागरिकत्व आहे, त्यामुळे न्यूयॉर्कला यायला व्हिसा लागत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर विमानप्रवास आवाक्यात आला, बेटावरची शेती मोडकळीला आली आणि ईस्ट हार्लेम, ब्राँक्स या भागांत पोर्तो रिकन वस्ती झपाट्याने वाढली. या स्थलांतराचे नाटक म्हणजे पोर्तो रिकन नाटककार रेने मार्केस यांचे ‘ला कार्रेता’, अर्थात बैलगाडी. डोंगरातली जमीन गमावलेले एक शेतकरी कुटुंब आधी सान हुआनच्या झोपडपट्टीत येते, मग ब्राँक्समध्ये. म्हातारे आजोबा पहिल्याच अंकात ‘मी येत नाही’ म्हणून मागे राहतात. तिसऱ्या अंकात यंत्रांवर भाबडी श्रद्धा असलेला थोरला मुलगा लुईस कारखान्यातल्या यंत्रात सापडून मरतो आणि आई व मुलगी परतीची वाट धरतात. १९५३ मध्ये हे नाटक न्यूयॉर्कमधल्या एका चर्चच्या सभागृहात प्रथम रंगले, दिग्दर्शक होते रोबेर्तो रोद्रिगेस. कोलोन त्यात होत्या. त्या प्रयोगाला मिळालेल्या प्रतिसादातून दोघांनी ‘नुएवो सिर्कुलो द्रामातिको’ ही मंडळी काढली. मिडटाउन मॅनहॅटनमधल्या एका माळ्यावर तिचे छोटेखानी नाट्यगृह काही वर्षे चालले.

अॅक्टर्स स्टुडिओ या न्यूयॉर्कमधल्या नामांकित अभिनयसंस्थेत प्रवेश मिळालेल्या कोलोन या पहिल्या पोर्तो रिकन. दूरचित्रवाणीवरच्या काउबॉय मालिकांतून त्यांना कामे मिळत, पण बहुतेक त्याच त्या साच्यातली. १९६६ मध्ये ‘ला कार्रेता’ इंग्रजीतून ऑफ-ब्रॉडवेवर, म्हणजे ब्रॉडवेच्या मोठ्या व्यावसायिक नाट्यगृहांबाहेरच्या लहान रंगमंचावर आले. कोलोन यांच्यासोबत त्यात पुढे नावारूपाला आलेले अभिनेते राउल हुलिया होते, तेव्हा नवखेच. नाटकाचे कौतुक झाले. मात्र ज्यांची ही गोष्ट होती ती माणसे तिकीट काढून तिथे येणारी नव्हती. पुढच्याच उन्हाळ्यात शहर प्रशासनाच्या मदतीने तेच नाटक उद्यानांत आणि वस्त्यांत विनामूल्य दाखवण्यात आले आणि संस्था तिथे उभी राहिली.

त्यानंतर दर उन्हाळ्याला उघड्यावर रंगमंच मांडायचा, प्रयोग करायचा, रात्रीत सगळे आवरून दुसऱ्या वस्तीत जायचे, हा शिरस्ता पडला. बघायला येणारे खुर्च्या घरून आणत किंवा उभेच राहत. लहान मुले मध्येच धावत. अशा गर्दीपुढे आवाज पोचवणे ही नटांची खरी परीक्षा असे. परंपरागत नाटकांबरोबर नव्या न्यूयॉर्ककर लेखकांनाही जागा मिळाली. पीरी थॉमस यांचे ‘द गोल्डन स्ट्रीट्स’ आणि एडवर्ड गॅलार्डो यांचे ‘सिम्पसन स्ट्रीट’ ही त्यातली ठळक उदाहरणे. तरुणांसाठी विनाशुल्क अभिनयवर्ग आणि नाट्यलेखकांसाठी स्वतंत्र कार्यशाळाही संस्थेने चालवल्या.

भाषेचा प्रश्न मात्र सोपा नव्हता. आईवडिलांची भाषा स्पॅनिश, शाळेत वाढलेल्या मुलांची इंग्रजी, आणि समीक्षक व अनुदान देणारे बहुतेक इंग्रजीच जाणणारे. संस्थेने यावर कष्टाचा तोडगा काढला: एकच नाटक काही रात्री स्पॅनिशमध्ये, काही रात्री इंग्रजीत, आणि शक्यतो त्याच नटसंचात. दोन संहिता पाठ करायच्या म्हणजे दोन भूमिकाच करायच्या, कारण भाषा बदलली की विनोदाची जागा आणि वाक्याचा ताल दोन्ही हलतात. मार्केस यांची पात्रे तर डोंगरातल्या शेतकऱ्यांची, म्हणजे ‘हिबारो’ लोकांची बोली बोलतात. ती इंग्रजीत उतरतच नाही. तिथे फक्त अर्थ उरतो. तरीही या दुहेरी प्रयोगांमुळे एकाच घरातल्या दोन पिढ्यांना एकच नाटक बघता आले, आणि संस्थेची खरी कमाई हीच म्हणावी लागेल.

पक्के घर मिळाले ते आगीच्या बंबांचे. मॅनहॅटनमध्ये वेस्ट ४७व्या रस्त्यावर, ब्रॉडवेच्या नाट्यगृहांपासून चार पावलांवर, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बांधलेले अग्निशमन केंद्र रिकामे पडले होते. शहराकडून ते मिळवून, निधी जमवून, सुमारे दोनशे आसनांचे नाट्यगृह १९८१ मध्ये सुरू झाले. उन्हाळी फेऱ्या त्यानंतरही थांबल्या नाहीत.

चित्रपटप्रेक्षक कोलोन यांना ‘स्कारफेस’ (१९८३) मधल्या नायकाची कडक आई म्हणून ओळखतात. त्यांचा वेळ मात्र या नाट्यगृहासाठी पैसा उभा करण्यात गेला. २०१५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामा यांच्या हस्ते त्यांना राष्ट्रीय कलापदक मिळाले. ३ मार्च २०१७ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्यांचे निधन झाले.

त्याआधी, २०१४ मध्ये, संस्था ‘प्रेगोनेस’मध्ये विलीन झाली होती. १९७९ मध्ये रोसाल्बा रोलोन आणि सहकाऱ्यांनी सुरू केलेली ही मंडळीही सुरुवातीला फिरतीच होती; पुढे ब्राँक्समध्ये वॉल्टन अव्हेन्यूवर तिने आपले नाट्यगृह उभारले. तिच्या नाटकांत वाद्यवृंद रंगमंचावरच बसतो आणि संगीताला संवादाइतकाच मान असतो. ‘प्रेगोन’ म्हणजे रस्त्याने माल विकत जाणाऱ्या फेरीवाल्याची आरोळी. दोघींचे जोडनाव घेतलेली ही संस्था आता ब्राँक्स आणि ४७वा रस्ता अशा दोन्ही ठिकाणांहून चालते.