गुण्या, पाऊस आणि ‘नॉर्मल’

चौकट जोडताना सुतार कोपऱ्यात काटकोन तपासायचा लोखंडी गुण्या टेकवतो आणि एक डोळा मिटून कुठे फट दिसते का ते पाहतो. या गुण्याला लॅटिनमध्ये ‘नोर्मा’ म्हणत आणि इंग्रजीतील ‘नॉर्मल’ हा शब्द त्यातूनच आला; म्हणून भूमितीत पृष्ठभागावरच्या लंबाला आजही ‘नॉर्मल’ म्हणतात. ‘नेहमीसारखा’ हा अर्थ इंग्रजीत रुळला तो एकोणिसाव्या शतकात. अर्थ पालटला, तरी गुण्याचा निवाडा शब्दात मुरून राहिला आणि जे नॉर्मल ते ठीकच असणार, असे आपण नकळत धरून चालतो.

हवामानशास्त्रात हा शब्द बरेवाईट ठरवत नाही. जिल्ह्याचा पाऊस दीर्घकालीन सरासरीपेक्षा १९ टक्के कमी ते १९ टक्के जास्त या पट्ट्यात असला, की भारतीय हवामान विभाग त्याची नोंद ‘नॉर्मल’ अशी करतो. समजा, कपाशी पाते (कळ्या) आणि फुलांवर असताना पावसाने तीन आठवडे ओढ दिली, जळगाव-धुळ्याकडच्या कोरडवाहू शेतांत पाते गळून सऱ्यांमध्ये पडले आणि सप्टेंबरअखेर दोन दणक्यांत तूट भरून निघाली, तर तक्त्यात तो हंगाम नॉर्मलच ठरेल. आकडा खराच असतो, पण तो चार महिन्यांच्या बेरजेचा असतो. अहिराणीत शेतकरी ‘यंदा पानी बरा पडना’ म्हणतो, तेव्हा पाऊस पिकाच्या वेळेवर आला की नाही हेही त्याने जोखलेले असते. त्यामुळे आपल्या बातम्यांत ‘सामान्य पाऊस’ यापेक्षा ‘सरासरीइतका पाऊस’ असे लिहिणे मला अधिक प्रामाणिक वाटते.

उन्हाचेही तसेच आहे. सपाट प्रदेशात कमाल तापमान किमान ४० अंश सेल्सिअस असून ते त्या दिवसांच्या सरासरीपेक्षा निदान ४.५ अंशांनी चढले, किंवा पारा थेट ४५ अंशांवर गेला, तर उष्णतेची लाट मानतात. भुसावळ-जळगावकडे मे महिन्याची सरासरीच ४२ अंशांच्या आसपास असल्याने ४४ अंशांचा दिवस या व्याख्येत बसत नाही. केळीच्या बागेत भर दुपारी घड वाहणाऱ्या मजुराच्या शरीराला मात्र ते ४४ अंश पुरेपूर सोसावे लागतात.