यकृताचा कर्करोग : चयापचयाच्या जनुकांवरून जगण्याचा अंदाज – पार्श्वभूमी

प्राणवायू असतानाही कर्करोगाच्या पेशी ग्लुकोजपासून लॅक्टेट बनवतात, हे ऑटो वारबुर्ग यांनी १९२० च्या दशकात दाखवले. यकृतात हा बदल जास्त नेमका दिसतो. निरोगी यकृतपेशी ग्लुकोकायनेज वापरते. रक्तात साखर वाढली तरच हे एन्झाइम जोमाने कामाला लागते. गाठीत त्याची जागा हेक्सोकायनेज-२ घेते आणि साखर थोडी असली तरी ओढून घेते. युरिया चक्रातले (अमोनियापासून युरिया बनवणारे) सीपीएस१ आणि ग्लुकोज बनवणारे एफबीपी१ ही एन्झाइमे अनेक गाठींत घटतात. पेशी यकृताची कामे टाकून देत जाते, तसा रोग बळावतो.

रुग्णाच्या जगण्याचा अंदाज मात्र बराच काळ गाठ आणि यकृताची ताकद यांवरच बांधला जाई. ओकुडा यांची १९८५ ची पद्धत गाठीचा व्याप, जलोदर, अल्ब्युमिन आणि बिलिरुबिन पाहते. १९९९ च्या बार्सिलोना वर्गीकरणाने त्यात रुग्णाची हिंडण्याफिरण्याची क्षमताही धरली. तरी एकाच टप्प्यातले दोन रुग्ण फार वेगळे जगतात, म्हणून लोक जनुकांकडे वळले. २००८ मध्ये होशिदा आणि सहकाऱ्यांना १८६ जनुकांचा उपयुक्त संकेत मिळाला, तोही गाठीत नव्हे, तर तिच्या शेजारच्या यकृतात. सिरॉसिसही (गाठीभोवतीचे यकृत व्रणांनी घट्ट होऊन निकामी होणे) जीव घेतो, हे गाठीपुरते पाहणारे आजही विसरतात.

२०११ मध्ये चयापचयाच्या, म्हणजे एन्झाइम आणि वाहक प्रथिनांच्या, २,७५२ जनुकांची यादी आली, २०१७ मध्ये टीसीजीए या कर्करोग-जनुकांच्या मोठ्या प्रकल्पाचा यकृत-कर्करोगावरचा शोधनिबंध. त्या प्रकल्पाची सुमारे ३७० गाठींची माहिती खुली असल्याने एक ठरीव कृती रूढ झाली. गाठ आणि निरोगी ऊती यांत फरक दाखवणारी जनुके काढायची, एकेक करून कॉक्स चाचणीतून (जनुकाचा जगण्याच्या काळाशी संबंध तपासणाऱ्या) न्यायची, लासो या छाटणी करणाऱ्या संख्याशास्त्रीय पद्धतीने चार-दहावर आणायची, प्रत्येकाची पातळी (ते जनुक किती सक्रिय आहे) त्याच्या गुणांकाने गुणून बेरीज करायची, म्हणजे रुग्णाचा जोखीम-गुण मिळतो, आणि मध्यकावर रुग्णांचे दोन गट पाडायचे.

घोळ बहुधा दोन ठिकाणी होतो. पहिला : जनुके सगळ्या रुग्णांवर निवडायची आणि मग त्यांचेच ‘शिकवणी’ आणि ‘पडताळणी’ गट करायचे. उत्तरपत्रिका आधीच फुटलेली असते, त्यामुळे आलेख देखणा निघणारच. दुसरा : मोजपट्टी. एफपीकेएम म्हणजे आरएनए-सिक्वेन्सिंगने मोजलेल्या जनुक-पातळीचे एकक. गुणांक लॉग-२ (एफपीकेएम + १) वर काढला असेल, तर १५ ची पातळी ४ म्हणून धरली जाते, ०.२ गुणांकाने वाटा ०.८. नव्या रुग्णांत कच्चा १५ घातला की तोच वाटा ३.० होतो आणि जुन्या मध्यकापुढे जवळजवळ सगळेच ‘जास्त जोखमीचे’ ठरतात. मायक्रोॲरे या जनुक-पातळी मोजण्याच्या वेगळ्या तंत्राच्या आकड्यांना आरएनए-सिक्वेन्सिंगचा मध्यक लावला तरी हेच होते.

तिसरी शंका अधिक खोलवरची. स्तनाच्या कर्करोगात यदृच्छया निवडलेले जनुकसंचही जगण्याशी जुळतात, कारण बरीच जनुके पेशीविभाजनाच्या वेगाबरोबर हलतात. हे २०११ मध्ये दाखवले गेले. म्हणून कॉक्सच्या प्रतिमानात रोगाचा टप्पा, गाठीची श्रेणी आणि विभाजनाची जनुके घालून पाहावे. तेवढ्याने जोखीम-गुणाचा प्रभाव विरला, तर त्याने चयापचय मोजलाच नव्हता.