टोपणनाव, ऑनलाइन खेळांतील

टोपणनाव, ऑनलाइन खेळांतील : इंटरनेटवरून एकमेकांशी खेळणारे लोक आपले खरे नाव मागे ठेवून ज्या नावाने वावरतात ते नाव, आणि त्याच्या आडोशाने स्वतःची ओळख राखून ठेवण्याचा प्रघात. खेळाडूंच्या बोलण्यात यालाच आयडी, निक, गेमरटॅग किंवा नुसते ‘नाव’ म्हणतात. मराठीत टोपणनावाची परंपरा मुख्यत्वे कवींची : केशवसुत, गोविंदाग्रज, कुसुमाग्रज. परंतु कवीचे टोपणनाव वाचकांना फुटलेलेच असते आणि ते फुटण्याला कोणाची हरकतही नसते. खेळाडूचे फुटू नये अशी अपेक्षा असते. म्हणून साहित्यिक टोपणनावाहून ते येथे वेगळे धरले आहे.

निनावी खेळणे आणि टोपणनावाने खेळणे यांतही फरक केला पाहिजे. पाहुणा म्हणून एक डाव खेळून निघून गेलेल्याचे मागे काही उरत नाही. टोपणनावाला मात्र पत असते : गुण, हुद्दा, सोबती, वैरी, उधारउसनवारीसुद्धा. ही पत टिकवायची तर नाव टिकवावे लागते, आणि नाव जितके टिकते तितके त्याच्यामागचे माणूस शोधणे सोपे होते. या प्रघातातील बहुतेक अडचणी येथूनच निघतात.

उगम : याबद्दल दोन मते आहेत. लोकप्रिय मत असे, की नाणे टाकून खेळायच्या यंत्रांवरील तीन अक्षरे हीच या नावांची मूळपीठिका. ‘सी वुल्फ’ (१९७६) आणि ‘स्पेस इन्व्हेडर्स’ (१९७८) या खेळांत पडद्यावर सर्वोच्च गुणसंख्या दिसे, पण ती कोणाची हे कळत नसे. गुणांपुढे आद्याक्षरे भरण्याची सोय प्रथम एक्झिडी कंपनीच्या ‘स्टार फायर’मध्ये आली असे बहुतेक इतिहासकार मानतात, त्याचे वर्ष कोणी १९७८ चा शेवट देतात, तर कोणी १९७९. ती सर्वत्र रुळली मात्र अटारीच्या ‘अ‍ॅस्टेरॉइड्स’मुळे (नोव्हेंबर १९७९). पहिल्या दहांत आलेल्या खेळाडूला त्यात आद्याक्षरे भरण्याची सूचना मिळे. यान फिरवण्याच्या बटणाने अक्षर पुढेमागे सरकवायचे आणि हवे ते आले की ‘हायपरस्पेस’चे बटण दाबून पक्के करायचे, असे तीन वेळा. त्या काळच्या बहुतेक यंत्रांत वीज बंद झाली की यादी पुसली जाई. लेखनाची खास सोय नसलेल्या यंत्रावर आणि तुटपुंज्या स्मृतीत तीनच अक्षरे परवडत. मुळात सूचनाच ‘आपली आद्याक्षरे भरा’ अशी होती. ती एक प्रकारची सहीच म्हणायची. लपण्याचा हेतू तीत क्वचितच दिसतो.

दुसरे मत या नावांचा उगम खेळात न शोधता दुरून चाललेल्या संभाषणात शोधते. अमेरिकेत नागरिकांसाठी राखलेल्या रेडिओपट्ट्यावर, ज्याला सीबी म्हणत, परवान्याबरोबर मिळालेले संकेतनाम बोलताना सांगणे सक्तीचे होते. १९७३ च्या तेलटंचाईनंतर महामार्गांवर ताशी ५५ मैलांची वेगमर्यादा आली. पोलीस कोठे दबा धरून बसले आहेत हे ट्रकचालक एकमेकांना रेडिओवरून कळवू लागले, आणि सरकारदरबारी नोंदलेले संकेतनाम उच्चारणे साहजिकच गैरसोयीचे ठरले. त्याच्या जागी आली ती ‘हँडल’, म्हणजे स्वतःच घेतलेली टोपणनावे. ही चाल इतकी पसरली की राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी बेटी फोर्ड यांनीही ‘फर्स्ट मामा’ असे हँडल घेतले होते. कॉम्प्युसर्व्ह या संगणकसेवेने १९८० मध्ये अनेकांना एकाच वेळी लिहून बोलता येईल अशी सोय काढली, तेव्हा तिचे नावच ‘सीबी सिम्युलेटर’ ठेवले. हँडल हा शब्द तेथेही आला. शब्दाचा आणि हेतूचा असा सलग माग पहिल्या मतात सापडत नाही. म्हणून प्रस्तुत नोंदीत दुसरे मत अधिक ग्राह्य धरले आहे. इलिनॉय विद्यापीठाच्या प्लेटो या संगणकजाळ्यावर १९७३ पासून अनेकांनी मिळून खेळायचे ‘एम्पायर’सारखे खेळ होते, पण तेथे प्रवेश नाव व गट अशा नोंदणीने मिळे, त्यामुळे त्याचे स्थान या दोहोंच्या मध्ये कोठेतरी आहे.

टोपणनाव आणि खेळ यांची खरी गाठ पडली ती इंग्लंडातील एसेक्स विद्यापीठात. रॉय ट्रबशॉ यांनी १९७८ मध्ये सुरू केलेल्या आणि रिचर्ड बार्टल यांनी पुढे नेलेल्या ‘मड’ या शब्दांतून खेळायच्या खेळात खेळाडू एक पात्र निर्माण करी. त्याला नाव असे, परवलीचा शब्द असे, गुण साठत. पुरेसे गुण झाले की नावामागे जादूगाराची पदवी लागे. लढाईत मेले की पात्र नावासकट जाई. नाव गमावण्यात काही गमावण्यासारखे असते, ही जाणीव येथे प्रथम स्पष्ट दिसते.

नाव, खाते, पत्ता : खेळाडूची ओळख एकावर एक अशा तीन थरांत असते. वरचा थर पडद्यावर दिसणाऱ्या नावाचा. संगणकीय खेळ विकत घेऊन खेळण्याच्या स्टीम या सेवेवर (२००३) ते केव्हाही बदलता येते. सोनीच्या प्लेस्टेशन जाळ्यावर एप्रिल २०१९ पर्यंत बदलताच येत नसे, त्यामुळे शाळकरी वयात घेतलेले नाव पुढे नोकरीला लागलेल्या माणसालाही वागवावे लागे. दुसरा थर खात्याचा. स्टीमच्या प्रत्येक खात्याला १७ अंकी क्रमांक असतो, नाव कितीही वेळा बदलले तरी तो तोच राहतो, आणि खातेपानावर आधीच्या नावांची यादीही उघडता येते (खातेदार ती पुसू शकतो, बहुतेकांना हे माहीत नसते). भारतात लोकप्रिय असलेल्या मोबाइल खेळांत ‘रिनेम कार्ड’ वापरून नाव पालटले तरी अंकी आयडी कायम राहतो. तिसरा थर जाळ्यावरील पत्त्याचा, म्हणजे आयपीचा.

या तिसऱ्या थराकडे एके काळी फारच दुर्लक्ष झाले. ‘कॉल ऑफ ड्यूटी : मॉडर्न वॉरफेअर २’ (२००९) सारख्या खेळांत कंपनीचा मध्यवर्ती संगणक नसे, खेळाडूंपैकीच एकाचे यंत्र यजमान होई आणि बाकीची यंत्रे थेट त्याला जोडली जात. परिणामी घरातल्या राउटरमधून जाणारी माहिती वाचू शकणाऱ्या कोणालाही प्रतिस्पर्ध्याचा पत्ता दिसे. पत्त्यावरून घर सापडत नाही. सेवा कोणाची आणि साधारण शहर कोणते एवढेच कळते, आणि मोबाइल जाळ्यावर तर एक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला असतो. पण त्या पत्त्यावर खोट्या विनंत्यांचा मारा करून ऐन डावात समोरच्याचे कनेक्शन पाडता येते, आणि तसे केले जाई. सामने मध्यवर्ती सर्व्हरवर गेल्यावर हा धोका बराच ओसरला. बोलण्यासाठी वेगळे अ‍ॅप वापरणाऱ्यांना तो पुढेही काही वर्षे होता.

चौथाही एक थर धरावा असे अलीकडील संशोधनावरून वाटते : सवय. ‘स्टारक्राफ्ट २’मधील नामांकित खेळाडू सरावाच्या वेळी डावपेच उघडे पडू नयेत म्हणून इंग्रजीतील मोठा ‘आय’ आणि लहान ‘एल’ ही अक्षरे सलग लिहून नाव घेतात. पडद्यावर दोन्ही अक्षरे सारखीच उभ्या काडीसारखी दिसतात, त्यामुळे ओळीने काड्याच काड्या. अशा खात्यांना ‘बारकोड’ म्हणतात. दहा जण बारकोड झाले की कोणता कोण हे डोळ्यांनी सांगता येत नाही. तथापि या खेळात सैन्याच्या तुकड्या कळफलकावरील ० ते ९ या अंकांना बांधून ठेवतात, आणि कोणता अंक कोणत्या क्रमाने किती वेळा दाबायचा ही प्रत्येकाची हाताला बसलेली खोड असते. डावात करण्यासारखे काही नसतानाही बोटे तेच आकडे बडवत राहतात. साठवलेल्या सामन्यांतील या खोडीवरून एकाच खेळाडूची अनेक खाती जुळवता येतात, असे फ्रान्समधील संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवले. आभासी वास्तवाच्या खेळांत तर बोटांऐवजी सगळे शरीरच बोलते. ‘बीट सेबर’ या खेळाच्या ५०,००० हून अधिक खेळाडूंच्या डोक्याच्या व हातांच्या हालचाली अभ्यासून २०२३ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठातील (बर्कली) संशोधक व त्यांचे सहकारी यांनी १०० सेकंदांच्या नोंदीवरून ९४ टक्क्यांवर, तर अवघ्या १० सेकंदांवरून ७३ टक्के अचूकतेने खेळाडू ओळखला. अशा ठिकाणी नाव बदलून काय साधणार, हा प्रश्न उरतोच.

प्रसिद्ध प्रकरणे : इंटरनेटवर निनावी बुद्धिबळ खेळणारा प्रतिस्पर्धी म्हणजे माजी जगज्जेता बॉबी फिशरच, असा दावा इंग्लिश ग्रँडमास्टर नायजेल शॉर्ट यांनी २००१ मध्ये केला. समोरचा खेळाडू सुरुवातीलाच राजा पटाच्या मध्याकडे फिरवण्यासारख्या विक्षिप्त खेळी करी आणि तरीही जिंके. शॉर्ट यांनी त्याला अर्मांडो असेवेदो हे नाव माहीत आहे का असे विचारले. तत्काळ उत्तर आले, ‘सीगन १९७०’. फिशर आणि असेवेदो यांची गाठ जर्मनीतील सीगन येथे १९७० मध्ये झालेल्या बुद्धिबळ ऑलिंपियाडमध्ये पडली होती. फिशरने पुढे साफ इन्कार केला. संगणकाच्या मदतीने खेळणारा कोणी नकलाकार असावा याकडे आता बहुतेकांचा कल आहे, आणि बुद्धिबळाचा इतिहास ज्याला पाठ आहे अशा कोणालाही ते उत्तर देता आले असते हे लक्षात घेता तो कल रास्त वाटतो. याउलट ‘गो’ या पटावरील खेळाच्या आशियाई संकेतस्थळांवर २०१६ च्या अखेरीस अवतरलेल्या ‘मास्टर’चे गूढ आठवडाभरात उकलले. त्याने नामांकित व्यावसायिक खेळाडूंविरुद्ध ६० डाव जिंकले. ४ जानेवारी २०१७ रोजी डीपमाइंड या कंपनीने हा आपला अल्फागो हा संगणकीय कार्यक्रम असल्याचे जाहीर केले. मुखवट्यामागे माणूसच नव्हता.

ओळख फुटण्याचे परिणाम नेहमीच असे करमणुकीचे नसतात. २८ डिसेंबर २०१७ रोजी अमेरिकेतील विचिटा येथे ‘कॉल ऑफ ड्यूटी’मधील किरकोळ पैजेच्या भांडणातून एकाने दुसऱ्याच्या घरी म्हणून पोलिसांना खोटी खबर देववली. पत्ता जुना होता. दारात आलेला, खेळाशी काहीच संबंध नसलेला माणूस पोलिसाच्या गोळीने मेला. खबर देणाऱ्याला २०१९ मध्ये २० वर्षांची शिक्षा झाली.

खऱ्या नावाची सक्ती : खरे नाव लावले की लोक नीट वागतात, ही समजूत जुनी आहे. ६ जुलै २०१० रोजी ब्लिझर्ड कंपनीने आपल्या चर्चापीठावर खेळाडूंची खरी नावे दिसतील असे जाहीर केले. यात वावगे काही नाही हे दाखवायला एका कर्मचाऱ्याने स्वतःचे नाव लिहिले. थोड्याच वेळात त्याची खासगी माहिती लोकांनी शोधून मांडली. ९ जुलैला कंपनीप्रमुख माइक मोरहाइम यांनी निर्णय मागे घेतला.

दक्षिण कोरियात हा प्रयोग कायद्याने झाला. मोठ्या संकेतस्थळांवर लिहिणाऱ्यांची ओळख पडताळण्याची सक्ती २००७ मध्ये आली आणि खेळ कंपन्यांकडेही नागरिकांचे नोंदणी क्रमांक साठत गेले. नोव्हेंबर २०११ मध्ये ‘मेपलस्टोरी’ या खेळाच्या सुमारे १ कोटी ३२ लाख सदस्यांची माहिती चोरीला गेली. २३ ऑगस्ट २०१२ रोजी तेथील घटनात्मक न्यायालयाने ही सक्ती एकमताने घटनाबाह्य ठरवली. चीनमध्ये मात्र अल्पवयीनांच्या खेळण्यावरील मर्यादेसाठी, म्हणजे २०२१ पासून शुक्रवार, शनिवार, रविवार व सुट्टीच्या दिवशी रात्री ८ ते ९, खऱ्या नावाची नोंदणी अनिवार्य आहे. खऱ्या नावांचा साठा झाला की तो फुटण्याची शक्यताही आली : एप्रिल २०११ मध्ये प्लेस्टेशन जाळ्यावरील सुमारे ७.७ कोटी खात्यांची माहिती उघडी पडली, आणि २०२५ मध्ये खेळाडूंच्या संभाषणाचे आवडते साधन असलेल्या डिस्कॉर्डने आपल्या एका बाह्य सेवादाराकडून सुमारे ७०,००० जणांच्या सरकारी ओळखपत्रांची छायाचित्रे गेली असावीत असे कळवले. यांतील बरीच वयाच्या पडताळणीसाठी दिलेली होती.

भारतात : पबजी मोबाइलवर २ सप्टेंबर २०२० रोजी बंदी आली आणि जुलै २०२१ मध्ये त्याच्या जागी बीजीएमआय (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया) आला. नावे सजवण्याची हौस येथे मोठी. नावाच्या दोन्ही बाजूंना दिसणारी पंखासारखी नक्षी मूळची जावा बेटावरील लिपीतील चिन्हे आहेत, आणि ज्यांचे नाव कोरेच दिसते त्यांनी बहुधा कोरियन लिपीतील एक अदृश्य अक्षर भरलेले असते. कोरे नाव शोधयंत्रात टाइप करता येत नाही एवढाच त्याचा उपयोग. मराठी मुलांच्या नावांत गाव, आडनाव किंवा गाडीच्या पाटीवरचा जिल्हा हमखास येतो. ‘वाघ एमएच०९ २०१०’ अशा एखाद्या कल्पित नावातून मुलगा कोल्हापूरचा, २०१० चा जन्म, आणि कदाचित आडनावाने वाघ, इतके अनोळख्याला पहिल्याच डावात समजते. तेच नाव इन्स्टाग्रामवरही असले तर शाळेचा गणवेशही दिसतो. मुली अनेकदा पुरुषी किंवा लिंग न कळणारे नाव घेतात आणि माइक बंद ठेवतात. आवाज ऐकू आला की नावाचा उपयोग संपतो.

पैसा आला की टोपणनाव गळते. ऑनलाइन खेळांतील निव्वळ जिंकलेल्या रकमेवर १ एप्रिल २०२३ पासून ३० टक्के करकपात लागू झाली, म्हणजे पॅन आले. पुढे २०२५ च्या कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळच बंद केले आणि ई-क्रीडा वेगळ्या ठेवल्या. अल्पवयीनांसाठी बीजीएमआय आरंभापासूनच पालकांचा मोबाइल क्रमांक मागतो. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ अन्वये १८ वर्षांखालील मुलांची माहिती हाताळण्यास पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. पालक कोण हे तपासले, की मुलाचे टोपणनाव एका खऱ्या नावाला बांधले जाते. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. संमतीविषयीच्या तरतुदींसाठी त्यानंतर १८ महिन्यांची मुदत आहे.