गीगाहर्ट्झ विसरा, प्रोसेसर किती वेळ ताटकळतो ते बघा

नवीन डेस्कटॉप घ्यायचाय, किती गीगाहर्ट्झचा घेऊ? हा प्रश्न लोक अजूनही विचारतात आणि माझी दरवेळी चिडचिड होते, कारण ही शर्यत २००४ मध्येच संपलीय. त्या वर्षी इंटेलने ३.८ गीगाहर्ट्झचा पेंटियम ४ आणला आणि ठरवलेला ४ गीगाहर्ट्झवाला रद्द करून टाकला, चिपची उष्णता आवरेनाशी झाली होती. आजचे सगळ्यात तगडे डेस्कटॉप प्रोसेसर जोर लावून साडेपाच-सहापर्यंत जातात, म्हणजे वीस वर्षांत दुप्पटसुद्धा नाही, आणि तरी आजचं मशीन त्या पेंटियमच्या कैक पट पळतं.

दुसरा गैरसमज, "आय७ (इंटेलच्या आय३, आय५ च्या वरची श्रेणी) आहे ना, मग झालं!" २०११ चा कोअर आय७-२६०० घ्या आणि २०२२ चा कोअर आय३-१२१०० घ्या, दोघांनाही चारच कोअर (एकाच वेळी वेगवेगळं काम करणारे प्रोसेसरमधले भाग), पण हा आय३ त्या आय७ ला आरामात मागे टाकतो. त्यामुळे आय३, आय५, आय७ च्या पुढचा आकडा वाचा, पिढी तिथे कळते.

आता माझा आवडता भाग. ४ गीगाहर्ट्झ म्हणजे प्रोसेसरच्या घड्याळाचे सेकंदाला ४ अब्ज ठोके, एक ठोका पाव नॅनोसेकंदाचा. एवढ्या वेळात प्रकाशसुद्धा जेमतेम साडेसात सेंटिमीटर जातो. आणि प्रोसेसरने रॅमकडे (चालू कामाचा डेटा ठेवणारी मेमरी) एखादा आकडा मागितला तर तो हातात पडायला साधारण ८० नॅनोसेकंद लागतात, म्हणजे तीनशेच्या वर ठोके. समजा एक ठोका म्हणजे एक सेकंद धरला, तर रॅमचं उत्तर यायला पाच मिनिटं, चांगल्या एनव्हीएमई एसएसडीचं (काहीही न फिरणारी, झटपट डिस्क) यायला तीन-चार दिवस, आणि जुन्या फिरत्या हार्ड डिस्कचं यायला दीड वर्ष! डिस्कचा हिशोब सोपा आहे, ७२०० आरपीएम म्हणजे मिनिटाला ७२०० फेऱ्या, एका फेरीला ८.३ मिलिसेकंद, सरासरी अर्धी फेरी तरी थांबावं लागतं, वर डेटा वाचणारा हात योग्य जागी सरकायचा वेळ वेगळा. म्हणून विंडोज हार्ड डिस्कवर असेल तर वरचा प्रोसेसर कितीही भारी घ्या, तो बसून राहणार.

पण रॅमला एवढा वेळ का लागतो? रॅममध्ये प्रत्येक बिट (० किंवा १) एका इवल्याशा कपॅसिटरमध्ये, म्हणजे विजेचा चार्ज धरून ठेवणाऱ्या भागात, साठवलेला असतो, सोबत एक ट्रान्झिस्टर, म्हणजे स्विच. ही कल्पना आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांची, पेटंट १९६८ चं. वाचायचं म्हणजे अशा बिटांची अख्खी ओळ उघडायची, मग त्या कपॅसिटरमधला चिमूटभर चार्ज एका लांबलचक तारेवर सांडतो, तारेचं व्होल्टेज किंचित हलतं, ते किंचित हलणं ओळखून मोठं करायला सेन्स अँप्लिफायर बसवलेले असतात, आणि वाचताना मूळ चार्ज गेलेला असतो त्यामुळे तो परत भरायचा. शिवाय हे कपॅसिटर गळके असतात, दर ६४ मिलिसेकंदांच्या आत सगळी रॅम पुन्हा भरावी लागते, नाहीतर डेटा गायब. या सगळ्याला वेळ लागतोच, पिढी बदलली म्हणून तो फारसा घटत नाही.

रॅमच्या पाकिटावर सीएल म्हणून आकडा असतो तो बघा, उघडलेल्या ओळीतून डेटा यायला रॅमच्या घड्याळाचे किती ठोके लागतात ते तो सांगतो (वरच्या ८० नॅनोसेकंदांतला हा एक तुकडा). डीडीआर४ आणि डीडीआर५ या रॅमच्या पिढ्या, दोन्हीत एका ठोक्यात दोनदा डेटा जातो, म्हणून डीडीआर४-३२०० चं घड्याळ प्रत्यक्षात १६०० मेगाहर्ट्झचं, सीएल १६ असेल तर १६ भागिले १६०० म्हणजे १० नॅनोसेकंद. डीडीआर५-६००० चं घड्याळ ३००० चं, सीएल ३० असेल तर परत १० नॅनोसेकंदच! मग नवीन रॅममध्ये मिळतं काय, तर रुंदी. एका चॅनेलवरून (रॅम ते प्रोसेसर ही वाट) सेकंदाला २५.६ जीबीच्या जागी ४८ जीबी येतात, पहिला थेंब यायला तेवढाच वेळ पण मागचा लोंढा मोठा.

हे ताटकळणं टाळायला प्रोसेसरच्या पोटातच छोटी, महाग, झटपट मेमरी ठेवतात, ती कॅश. एल१ (सगळ्यात जवळची, छोटी) कॅशचं उत्तर चार-पाच ठोक्यांत येतं, एल३ चं (लांबची, मोठी) साधारण चाळीस-पन्नास. इंटेलची स्पर्धक एएमडीने २०२२ मध्ये रायझन ७ ५८००एक्स३डी काढला, त्यात ३२ ऐवजी ९६ एमबी एल३ कॅश, चिपवर चिप रचून. त्याचे गीगाहर्ट्झ साध्या ५८००एक्सपेक्षा कमी, आणि तरी बहुतेक गेममध्ये तोच पुढे. व्हिडिओ एक्सपोर्टला मात्र त्या कॅशचा खास उपयोग होत नाही, तिथे साधा ५८००एक्स सरस.

कोअरचंही तसंच, उपयोग कामावर ठरतो. १९६७ मध्ये संगणक अभियंते जीन अमडाल यांनी मांडलेला हिशोब आहे, कामाचा अर्धा भाग एकामागून एकच करावा लागत असेल तर हजार कोअर लावा, वेग दुपटीच्या वर जाणार नाही. ब्राउझर, ऑफिस, अकाउंटिंग याला सहा कोअर भरपूर, रेंडरिंग (थ्रीडी दृश्यांची चित्रं तयार करणं) किंवा कोड कंपाइल करत असाल तर जास्त घ्या. ग्राफिक्स कार्ड गेम, थ्रीडी किंवा घरच्या घरी एआय मॉडेल चालवायचं असेल तरच. 'एआय पीसी' असा स्टिकर दिसला तर आधी विचारा, मी वापरतो त्यातलं कुठलं सॉफ्टवेअर त्यातला एनपीयू (एआयची गणितं करणारा वेगळा भाग) वापरतं?

रॅम १६ जीबी घ्या. ती कमी पडली की सिस्टिम डेटा डिस्कवर ढकलायला लागते, म्हणजे पाच मिनिटांचं काम एकदम दिवसांवर. मग लोक रॅम बूस्टर नावाचं सॉफ्टवेअर टाकतात (जे बऱ्याचदा तोच डेटा डिस्कवर हाकलतं आणि मोकळ्या रॅमचा आकडा दाखवून खूश करतं), नाहीतर डेस्कटॉपवर राइट क्लिक करून रिफ्रेश, रिफ्रेश, रिफ्रेश. त्याने फक्त आयकॉन परत काढले जातात हो, बाकी काहीही होत नाही, हा निव्वळ जपजाप्य आहे.

एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) नावाजलेला घ्या, कॅबिनेटच्या रंगीत दिव्यांचे पैसे तिथे घाला. आणि १६ जीबीची एक स्टिक घेण्यापेक्षा ८ च्या दोन, म्हणजे दोन्ही चॅनेल चालतात. चार खाचांच्या मदरबोर्डवर त्या बहुधा प्रोसेसरकडून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसतात, मॅन्युअलमध्ये बघून घ्या. मशीन आल्यावर टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचा स्पीड बघा, ६००० ची रॅम ४८०० वर चालताना दिसली तर बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) जाऊन एक्सएमपी किंवा एक्स्पो, म्हणजे रॅमला पाकिटावरच्या वेगाने चालवणारी सेटिंग, चालू करा, ते बऱ्याच मशीनमध्ये बंदच येतं.