रीफ टँकमधली वाळू: ढवळायची की तशीच राहू द्यायची?

रीफ टँक, म्हणजे प्रवाळं आणि मासे पाळायची खाऱ्या पाण्याची टाकी. ती लावताना दिवे, पंप, स्किमर (पाण्यातली घाण फेसातून काढणारं यंत्र) यांची महिनोन्‌महिने चौकशी होते आणि वाळू मात्र दुकानातून निघता निघता घेतली जाते. खरं तर वाळूच्या जाडीवर पुढची बरीच वर्षं टाकीत हात किती घालावा लागेल, ते ठरतं.

मुळात वाळू हवीच असं नाही. अ‍ॅक्रोपोरासारखी फांद्यांची प्रवाळं पाळणारे अनेकजण तळाची काच उघडीच ठेवतात. घाण दिसते, ती सायफनने, म्हणजे नळीने ओढता येते आणि पंप जोरात चालवले तरी काही उडत नाही. पण हॅलिकोएरस गटातले मासे रात्री वाळूत शिरून झोपतात. पिस्तुल कोळंबी बीळ खणते; तिची नजर अधू, म्हणून दारावर गोबी मासा पहारा देतो. ही जोडी पाळायची तर वाळू घालावीच लागते.

कुठली? अरॅगोनाइटची, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्या एका रूपाची. प्रवाळांचे सांगाडे याचेच असतात. 'ही वाळू पीएच सांभाळते' या जाहिरातीवर मात्र फार विसंबू नका. टाकीचा पीएच साधारण ८.१ ते ८.४ असतो आणि त्या पाण्यात अरॅगोनाइट विरघळतच नाही. विरघळतं ते खोल थरात, जिथे जिवाणूंचा कार्बन डायऑक्साइड साचून पीएच उतरतो. तेही थोडंच. प्रवाळांचं कॅल्शियम आणि अल्कलिनिटी (पाण्यातली आम्ल पेलायची क्षमता, मुख्यतः बायकार्बोनेटमुळे) आपल्यालाच पुरवावी लागते.

कोकणातल्या किनाऱ्यावरून पिशवी भरून आणायचा मोह टाळलेला बरा. त्या वाळूत शिंपल्यांच्या चुऱ्याबरोबर खडकांची झीज भरपूर असते. रत्नागिरीकडच्या काळ्या वाळूत तर इल्मेनाइट, म्हणजे लोह आणि टायटॅनियमचं खनिज असतं. किनाऱ्यावर काय काय सांडलंय, हे तर कळतच नाही. लक्षद्वीपची पांढरी वाळू प्रवाळांचीच, पण खडकाळ प्रवाळांना १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, तेव्हा तिकडून काही उचलायचा विचारच नको.

आता जाडी. माशांचं उरलेलं अन्न आणि विष्ठा यांतून अमोनिया सुटतो. ऑक्सिजनवर जगणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. बारीक वाळूत जरा खाली गेलं की ऑक्सिजन संपतो. तिथले जिवाणू नायट्रेटमधला ऑक्सिजन वापरतात आणि नायट्रोजन वायू होऊन हवेत निघून जातो. मोनॅकोच्या ज्याँ जोबेर यांनी १९८०च्या दशकात याच तत्त्वावर टाक्या चालवल्या. वाळूच्या थराखाली त्यांनी स्थिर पाण्याची पोकळी ठेवली. नंतर अमेरिकेत पोकळीशिवाय, १० सेंटीमीटरहून जाड आणि रव्यासारख्या बारीक वाळूचा थर लोकप्रिय झाला.

पण नायट्रेटही संपलं, की समुद्राच्या पाण्यात मुबलक असलेल्या सल्फेटवर जगणारे जिवाणू पुढे सरसावतात. त्यातून हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. सडक्या अंड्याचा वास, काचेलगत दिसणारे काळे डाग, ते याचेच. जागच्या जागी राहिला तर तो सहसा त्रास देत नाही. अशा थरात एकाएकी हात घातला, तर मासे दगावू शकतात.

म्हणून जाड थराला खालपर्यंत हात लावायचा नाही. वरचा भाग मोकळा ठेवायचं काम बारीक किडे आणि कवचधारी जीव करतात. वाळू चाळणारा तारामासा नेमके तेच खाऊन फस्त करतो आणि छोट्या टाकीत शेवटी स्वतः उपाशी मरतो. दुकानदार त्याला 'सफाई कामगार' म्हणून विकतात, याचा मला राग येतो. नॅसेरियस गोगलगाई पुष्कळ बऱ्या.

मला स्वतःला घरच्या टाकीत ३ सेंटीमीटरचा थर आणि १ ते २ मिलिमीटरचे दाणे पसंत आहेत. ९० बाय ४५ सेंटीमीटरच्या तळाला सुमारे १२ लिटर, म्हणजे १७-१८ किलो वाळू पुरते. कोरडी वाळू पाणी नितळ होईपर्यंत धुवावी. दर पाणीबदलाला एक पट्टा सायफनने साफ करावा, पुढच्या वेळी दुसरा. सुरुवातीच्या आठवड्यांत वाळूवर तपकिरी थर येतो. ते डायटम, म्हणजे एकपेशीय शैवाल असतात, सिलिकेट संपलं की बहुधा आपणच जातात. लालसर, बुळबुळीत चादर दिसली तर ते सायनोबॅक्टेरिया, म्हणजे प्रकाशावर वाढणारे जिवाणू. सायफनने ओढून काढा, माशांना घालायचं खाणं कमी करा, प्रवाह कुठे मंदावलाय ते पाहा.

पातळ आणि जाड यांच्या मधला, ५ ते ८ सेंटीमीटरचा थर मला सगळ्यात गैरसोयीचा वाटतो. नायट्रेट घालवायला तो भरवशाचा नाही आणि रोजच्या सफाईला जड. घर बदलताना तर जुनी वाळू तशीच उचलून नव्या जागी ओतू नये. मासे आणि प्रवाळ आधी वेगळ्या बादलीत काढावेत, वाळू खळखळून धुवावी, नाहीतर सरळ नवी घ्यावी. टाकी पुन्हा लावल्यावर काही दिवस अमोनिया मोजत राहावा.