आवाजाचं गाणं होतं कुठे?

पितळेच्या एका पत्र्यावर डाग पडले होते. ते काढण्यासाठी गॅलिलिओ धारदार लोखंडी छिन्नीनं पत्रा खरवडत होता. हात झरझर फिरत असताना एखाद्या फटकाऱ्याला मधूनच शिट्टीसारखा लांब, स्वच्छ स्वर निघायचा, एरवी नाही. त्यानं पत्रा निरखून पाहिला. शिट्टी वाजली होती तिथे बारीक रेघांची एक रांग उमटली होती, सगळ्या रेघा समांतर आणि सारख्या अंतरावर. जिथे शिट्टी वाजली नव्हती तिथे अशा रेघांचा मागमूसही नव्हता. हात जास्त वेगानं फिरवला की स्वर चढायचा आणि रेघा दाट व्हायच्या.

त्याचे वडील ल्यूट हे तंतुवाद्य वाजवत आणि त्यांनी स्वतः तारांवर प्रयोग केले होते. त्यामुळे मुलाचा कान तयार असणार. छिन्नीचे दोन स्वर एकमेकांपासून बरोबर पंचमाच्या अंतरावर आहेत, म्हणजे एक षड्ज धरला तर दुसरा पंचम लागतो, हे त्यानं ओळखलं. मग रेघा मोजल्या. जेवढ्या जागेत एका स्वराच्या ४५ रेघा होत्या, तेवढ्याच जागेत दुसऱ्याच्या ३०. म्हणजे तीनास दोन. १६३८ साली छापलेल्या पुस्तकात त्यानं हे नोंदवलं आहे. माझ्या मते ध्वनिशास्त्रातल्या सगळ्यांत सुंदर नोंदींपैकी ही एक, कारण इथे स्वर कानाला नुसता ऐकू आला नाही, तो डोळ्यांना दिसला. सारख्या अंतरानं पुन्हा पुन्हा घडणारी गोष्ट म्हणजे स्वर.

हे घरबसल्या पडताळता येतं. कंगव्याच्या दात्यांवरून नख सावकाश फिरवा. टक, टक, टक असे सुटे आवाज येतात, आणि त्यातला एकेक आवाज म्हणजे निव्वळ खट्ट, त्याला सूर नाही. आता नख भर्रकन ओढा. टकटक नाहीशी होते आणि वर चढत जाणारा ‘झुंईं’ असा सूर ऐकू येतो. दाते तेच, नख तेच. सेकंदाला पाचसात धक्के कान वेगवेगळे मोजतो. सेकंदाला साधारण वीसच्या वर गेले की मोजणं थांबतं आणि ते एकमेकांत मिसळू लागतात, पन्नास-शंभरावर गेले की स्पष्ट सूर ऐकू येतो. त्या धक्क्यांमधलं अंतर सारखं मात्र हवं. दाते वेडेवाकडे, कमीजास्त अंतरावर असते तर कितीही वेगानं नख ओढलं तरी खर्रर्र एवढंच झालं असतं.

जर्मन शास्त्रज्ञ हेर्मान हेल्महोल्ट्झ यानं १८६३ मध्ये हीच गोष्ट व्याख्या म्हणून मांडली. हवेचं कंपन नियमित असेल तर सांगीतिक स्वर, अनियमित असेल तर गोंगाट. शाळेच्या पुस्तकांत आजही हेच असतं. ते चूक नाही, पण ते निम्मंच उत्तर आहे.

आधी ते बरोबर कुठे आहे ते पाहू. तार छेडली की ती सेकंदाला समजा २०० वेळा कंप पावते. पण त्याच वेळी ती अर्ध्या-अर्ध्या भागांत ४०० वेळा, तिसऱ्या भागांत ६०० वेळा, चौथ्या भागांत ८०० वेळा अशीही हलत असते. हे उपस्वर मूळ स्वराच्या पूर्ण पटीत असतात, म्हणून ते सगळे मिळून एकाच ठेक्यात चालतात आणि कानाला एकच भरदार स्वर ऐकू येतो. चांगल्या जुळलेल्या तंबोऱ्यात षड्जाच्या तारेतून गांधार ऐकू येतो तो असाच. गांधाराची तार तिथे नसते, तो त्या तारेचा पाचवा उपस्वर असतो. गाणारे त्याला स्वयंभू गांधार म्हणतात.

कान या पटींना इतका सरावलेला आहे की पायाचा स्वर काढून टाकला तरी तो त्याला ऐकू येतो. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ स्वर १०० ते १२० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला तेवढ्या कंपनांच्या, आसपास असतो. जुन्या दूरध्वनीच्या तारांमधून मात्र साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा जायचा. म्हणजे वडिलांच्या आवाजाचा पायाच पलीकडे पोचत नव्हता. तरीही कुणाला फोनवर वडिलांच्या तोंडून मुलीचा आवाज ऐकू आला नाही. वरचे उपस्वर एकमेकांपासून किती अंतरावर आहेत यावरून मेंदू खालचा हरवलेला स्वर स्वतःच भरून काढतो. ऐकणं म्हणजे नुसतं आत घेणं नव्हे, हे इथेच कळायला लागतं.

तार बारीक, लवचिक आणि सगळीकडे सारखी असते, म्हणून तिचे उपस्वर पटीत येतात. ताणलेल्या कातड्याचं तसं नाही. साध्या गोल कातड्याचा सगळ्यांत खालचा स्वर १०० हर्ट्झ धरला तर पुढचे साधारण १५९, २१४, २३० असे येतात. यात कसलीच पट नाही. म्हणून बहुतेक ढोलांना दणका असतो पण स्पष्ट सूर नसतो. मग तबल्याला सूर कुठून येतो? पुडीच्या मधोमध जी काळी गोल शाई असते तिच्यातून. लोहभुकटी आणि खळ यांचे थर एकावर एक चढवून आणि दगडानं घोटून ती बसवतात. त्या वजनामुळे कातड्याच्या कंपनांचा सगळा हिशेब बदलतो. सी. व्ही. रामन आणि शिवकाली कुमार यांनी १९२० मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात हे दाखवून दिलं, आणि रामन यांनी पुढे १९३४ मध्ये ते सविस्तर मांडलं. शाईमुळे कातड्याची नऊ वेगवेगळी कंपनं पाच स्वरांवर गोळा होतात, आणि ते पाच स्वर एक, दोन, तीन, चार, पाच अशा जवळजवळ नेमक्या पटीत बसतात. गोंगाट करायचा स्वभाव असलेल्या कातड्याला कुणा कारागिरानं केवळ कानाच्या भरवशावर, थर वाढवत आणि घोटत, तारेसारखं बोलायला लावलं. समीकरणं फार नंतर आली. या कारागिरांची नावं आपल्यापर्यंत पोचली नाहीत याचं मला मनापासून वाईट वाटतं.

दोन स्वर एकत्र आले की काय होतं, हे तंबोरा जुळवताना जवळून ऐकावं. जोडीच्या दोन तारा जवळपास जुळल्या आहेत, एक १४० हर्ट्झवर, दुसरी १४३ वर. दोन्ही छेडल्या की आवाज सेकंदाला तीन वेळा फुगतो आणि ओसरतो, वांव-वांव-वांव. याला विस्पंद म्हणतात. खुंटी किंवा मणी हळूच सरकवत नेला की ही लाट संथ होत जाते, सेकंदाला दोन, मग एक, मग श्वासाइतकी लांब, आणि एका क्षणी ती थांबते. तारा जुळल्या. उलट दिशेनं गेलं आणि अंतर सेकंदाला वीस-तीस फेऱ्यांवर नेलं, की लाटा मोजता येत नाहीत, आवाजाला नुसता खडबडीतपणा येतो. याचं कारण कानाच्या आत आहे. शंखासारख्या वळलेल्या कर्णावर्तात सुमारे ३५ मिलिमीटर लांबीचा एक पडदा असतो. उंच स्वर त्याच्या सुरुवातीला आणि खालचे स्वर टोकाशी तो हलवतात. दोन स्वर फार जवळचे असले की पडद्याच्या एकाच जागेवर दोघांची ओढाताण होते. तीच आपल्याला खुपते.

इथवर सगळं पदार्थविज्ञानात बसतं. आता डास घ्या.

डासाची गुणगुण ही हेल्महोल्ट्झच्या व्याख्येत चोख बसते. पंखांची हालचाल अगदी नियमित असते, सूर स्पष्ट असतो, उपस्वर पटीत असतात. डेंग्यू पसरवणाऱ्या डासांवर कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेलं काम तर चकित करणारं आहे. मादीचे पंख सेकंदाला सुमारे ४०० वेळा हलतात, नराचे सुमारे ६००. नर-मादी जवळून उडू लागले की दोघंही आपापला वेग थोडा थोडा बदलतात, आणि मादीचा तिसरा उपस्वर नराच्या दुसऱ्या उपस्वराशी, १२०० हर्ट्झपाशी, जुळवून घेतात. सहाशे आणि चारशे म्हणजे तीनास दोन. गॅलिलिओच्या पत्र्यावरचं ते पंचमाचं अंतर इथे पुन्हा येतं. तरीही रात्री कानाशी आलेल्या या सुराला आपण संगीत म्हणत नाही.

आणि उलट बाजूला झांज घ्या. तिच्यात असंख्य उपस्वर कसल्याही पटीत न बसता एकावर एक चढलेले असतात, व्याख्येनं तो गोंगाटच. तीच झांज समेवर पडली की तिच्याशिवाय संगीत अधुरं वाटतं. बासरीतली फुंकेची सळसळ, तारेवर नखी लागतानाची टिचकी, गाताना ‘स’ आणि ‘श’ उच्चारताना सुटणारी हवा, हे सगळं अनियमित कंपन आहे. ते काढून टाकलं तर संगीत शुद्ध होत नाही, ओळखूच येईनासं होतं. पियानोचं ध्वनिमुद्रण उलटं वाजवून पाहा. सगळे उपस्वर तेच राहतात, फक्त सुरुवातीची ठोकर शेवटाला जाते, आणि ऐकणाऱ्याला वाटतं की पेटी किंवा ऑर्गन वाजतंय. वाद्याची ओळख बरीचशी त्या पहिल्या क्षणभराच्या गोंगाटात असते.

मग गोडवा तरी सगळ्यांना सारखा असतो का? बोलिव्हियाच्या जंगलात राहणाऱ्या त्सिमाने लोकांना, ज्यांचा पाश्चात्त्य संगीताशी फारसा संबंध आलेला नाही, जुळणारे आणि न जुळणारे स्वरमेळ ऐकवले गेले. त्यांना दोन्ही सारखेच आवडले. खडबडीत आवाज त्यांनाही नकोसे वाटले, स्वरमेळांत मात्र त्यांनी डावंउजवं केलं नाही. हे संशोधन २०१६ चं. म्हणजे खुपणं बहुतेक कानातून येतं, पण ‘हे स्वर एकमेकांना शोभतात’ हा निवाडा पुष्कळसा सवयीतून येतो.

म्हणून मला वाटतं, फरक शोधायचा तो एका स्वरात नाही, एका स्वरानंतर काय येतं त्यात. १९७५ मध्ये रिचर्ड व्हॉस आणि जॉन क्लार्क या अमेरिकेत काम करणाऱ्या भौतिकशास्त्रज्ञांनी संगीताच्या चढउतारांचं गणित मांडलं. आवाज आणि सूर वेळेनुसार कसे बदलतात ते त्यांनी मोजलं, आणि त्यात एक खास प्रकारची मधली घडण सापडली. पुढे त्यांनी यंत्राकडून तीन प्रकारच्या सुरावटी करवल्या. पहिलीत प्रत्येक स्वर मागच्याशी काही संबंध न ठेवता फासा टाकल्यासारखा निवडलेला. दुसरीत प्रत्येक स्वर मागच्याला चिकटून जेमतेम एखादं पाऊल हलणारा. तिसरी या दोन्हींच्या मधली. ऐकणाऱ्यांना पहिली विस्कळीत वाटली, दुसरी कंटाळवाणी, आणि तिसरी संगीताच्या सगळ्यांत जवळची.

मेंदू सतत पुढचा अंदाज बांधत असतो. दोनतीन दिवसांच्या झोपलेल्या बाळांना ठेका ऐकवून मधलाच मुख्य ठोका गाळला, तर त्यांच्या मेंदूच्या लहरींत त्याची नोंद उमटते. हा प्रयोग २००९ मधला. एवढ्याशा जिवालाही ‘आता ठोका यायला हवा होता’ हे कळतं. कॅनडातल्या संशोधकांनी २०११ मध्ये दाखवलं की आवडतं संगीत ऐकताना मेंदूत डोपामीन हे सुखाशी जोडलेलं रसायन दोनदा स्रवतं, एकदा तो अंगावर काटा आणणारा क्षण येतो तेव्हा, आणि त्याआधी, तो येणार म्हणून वाट पाहताना, मेंदूच्या दुसऱ्याच भागात. तिहाई, म्हणजे लागोपाठ तीनदा येणारा तुकडा, समेकडे झेपावत असताना छातीत जे दाटून येतं ते बहुधा यातलंच असावं.

गोंगाटात हा अंदाज बांधायला जागाच नसते. डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर यांचे प्रयोग १९७२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात माणसांना मोठे आवाज ऐकवून नंतर कोडी सोडवायला दिली. ठरावीक अंतरानं येणाऱ्या आवाजापेक्षा कधीही येणाऱ्या आवाजानं लोक जास्त खचले, आवाजाची पातळी सारखीच असूनही. काहींना एक बटण दिलं होतं, सहनच होईना तर आवाज बंद करायला. बहुतेकांनी ते दाबलं नाही, तरी कोडी सोडवताना ते कितीतरी जास्त वेळ टिकून राहिले. शेजारच्या घरातलं उत्तम गाणं आपल्याला गोंगाट का वाटतं, त्याचं उत्तर मला या बटणात सापडतं. ते कधी सुरू होईल, कधी थांबेल, यातलं काहीच आपल्या हाती नसतं. भिंतीतून झिरपताना वरचे स्वर गळून नुसती धडधड उरते, म्हणजे अंदाज बांधायला लागणारी सामग्रीही हिरावली जाते.

कानातल्या पेशी मात्र हा भेद करत नाहीत. ८५ डेसिबलच्या आसपासचा आवाज रोज आठ तास ऐकला तर कर्णावर्तातल्या आवाज टिपणाऱ्या केसपेशी मरू लागतात, मग तो करवतीचा असो की अत्यंत प्रिय गाण्याचा, आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. इयरफोन लावणाऱ्या प्रत्येकानं हे लक्षात ठेवावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

शेवटचा प्रयोग स्वतः करून पाहण्यासारखा आहे. १९९५ मध्ये डायना डॉइच या मानसशास्त्रज्ञ आपलंच बोलणं ध्वनिमुद्रित करून तपासत होत्या. त्यातले चारपाच शब्द यंत्रावर पुन्हा पुन्हा वाजत राहिले, आणि थोड्या वेळानं त्यांना खोलीत कुणीतरी गात असल्यासारखं वाटलं. ध्वनिमुद्रणात काहीही बदललेलं नव्हतं. फोनवर आपलं किंवा दुसऱ्या कुणाचं साधं बोलणं मुद्रित करा, त्यातला एखादा लहानसा तुकडा निवडून तो दहा वेळा लागोपाठ ऐका. बऱ्याच तुकड्यांत चौथ्यापाचव्या वेळेपासून शब्दांमागचे चढउतार पुढे येतात, ठेका धरतात. मग मूळ ध्वनिमुद्रण सुरुवातीपासून लावा. माणूस नेहमीसारखा बोलत असतो, अगदी साधेपणानं, आणि त्या तुकड्यापाशी आला की एकदम गाऊ लागतो.