सर्वांत जवळचा तारा की जवळपासचे तारे?

मे महिन्यात कूलरला कंटाळून नागपूरकर गच्चीवर झोपतो, तेव्हा उत्तरेला सप्तर्षी आपसूक दिसतात. त्यातल्या वसिष्ठाच्या शेजारी अरुंधती, जेमतेम १२ आर्कमिनिटांवर (एक आर्कमिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग). ॲस्ट्रोपाय या खगोलशास्त्रासाठीच्या पायथन लायब्ररीतल्या, हमखास गल्लत होणाऱ्या दोन फंक्शनांचा फरक या जोडीवर चटकन कळतो.

समजा, आपल्या यादीत एकटा वसिष्ठ आहे आणि कॅटलॉगमध्ये एकटी अरुंधती. सर्वांत जवळचा तारा शोधणाऱ्या 'मॅच टू कॅटलॉग स्काय'ला विचारलं, की ते अरुंधतीचा इंडेक्स, म्हणजे कॅटलॉगमधला क्रमांक, देऊन मोकळं. वसिष्ठ कॅटलॉगमध्ये नाहीच, हे ते सांगत नाही. तिथे नुसता ध्रुव असता तर ३५ अंशांहून लांबचा ध्रुवही बिनदिक्कत दिला असता! सोबत येणारं कोनीय अंतर बघून चाळणी आपणच लावायची. गाया या अवकाश दुर्बिणीच्या कॅटलॉगसारख्या मोठ्या यादीत आपले तारे ओळखायला मी हेच वापरेन, पण चाळणीशिवाय कधीच नाही.

'सर्च अराउंड स्काय' ठरावीक अंतरातल्या सगळ्या जोड्या देतं, म्हणून त्याला अंतराची मर्यादा आधीच सांगावी लागते. १५ आर्कमिनिटं दिली तर अरुंधती मिळते, १० दिली तर रिकामा ॲरे. दाट तारकागुच्छात मात्र एकाच ताऱ्याच्या चार-पाच जोड्या येतात. म्हणजे उत्तराची लांबी यादीइतकी असेलच असं नाही. ते सरळ टेबलात नवा कॉलम म्हणून चिकटवता येत नाही. शिवाय एक खोच आहे. सुटं फंक्शन वापरलं तर इंडेक्स याद्या दिल्या त्याच क्रमाने येतात, पण स्कायकोऑर्डची (ताऱ्यांची स्थानं ठेवणाऱ्या ॲस्ट्रोपायच्या ऑब्जेक्टची) मेथड म्हणून बोलावलं तर पहिला इंडेक्स कंसातल्या यादीचा आणि दुसरा आपल्या मूळ यादीचा. एरर येत नाही, जोड्या तेवढ्या उलट्या लागतात.

दोन्ही टाळून विषुवांश-क्रांतीच्या (म्हणजे आकाशातल्या रेखांश-अक्षांशांच्या) फरकांवर थेट पायथागोरस लावणारेही भेटतात. त्यांना वसिष्ठ-अरुंधतीचं अंतर २० आर्कमिनिटं मिळेल. क्रांती ५५ अंशांजवळ असल्याने विषुवांशातला ०.३३ अंशांचा फरक आधी ०.५७ने, म्हणजे क्रांतीच्या कोसाइनने, गुणायला हवा.

यादी स्वतःशीच जुळवून जोडतारे शोधायचे असतील तर पहिल्या फंक्शनात प्रत्येक तारा शून्य अंतरावर स्वतःलाच सापडतो. तिथे 'एन्थ नेबर', म्हणजे कितव्या क्रमांकाचा जवळचा तारा हवा ते, २ ठेवावा. दुसऱ्यात प्रत्येक जोडी दोनदा येते, वर तारा स्वतःसोबतही येतो. पहिला इंडेक्स दुसऱ्यापेक्षा लहान असलेल्या ओळीच ठेवल्या की दोन्ही कटकटी मिटतात.